भर उन्हात कंदील

मे महिन्यात नागपुरात वावधन सुटलं की आमच्या गल्लीतला कडुलिंब एक फांदी तारेवर टाकतो आणि लाइन जाते. कोराडी, खापरखेडा अशी दोन औष्णिक वीज केंद्रं शहराला खेटून आहेत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्हीच.

त्या रात्री कूलर घरघरत थांबला आणि मी कपाटावरून इमर्जन्सी लाइट काढला. त्यात लेड-अ‍ॅसिड बॅटरी. ही जात चार्ज न करता पडून राहिली की मनाला लावून घेते, आणि आमची दिवाळीपासून रुसलेली. मग टॉर्च उघडला. विसरलेले सेल पाझरून आत पापडखारासारखं काहीतरी जमलेलं. शेवटी तांब्याला मोबाइल टेकवून जेवलो.

"अहो, उद्या कंदील आणा," बायको म्हणाली. "अन् चालणारा आणा."

मी आधी अभ्यास केला. वॅट पाहायचे नाहीत, लुमेन पाहायचे. वॅट म्हणजे खाणं, लुमेन म्हणजे उजेड पाडणं. (हे कळल्यापासून मी मेव्हण्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतो.) जेवायला २००-३०० लुमेन पुरतात. ६५०० केल्विन म्हणजे दवाखान्यासारखा पांढरा, २७०० म्हणजे जुन्या बल्बचा पिवळा. पिवळ्यावर पाखरं कमी येतात. आयपीएक्स ४ लिहिलं असेल तर शिंतोडे चालतात, अंघोळ नाही.

एवढी विद्या घेऊन सीताबर्डीत पोचलो. दुपारचा एक, ४५ अंश.

"किती लुमेन?"

"भाऊ, पूर्ण हॉल उजळते."

"चालतो किती?"

"बारा घंटे."

"फुल उजेडावर?"

दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तांदूळ घेताना दाणे मोजायला मागितले. खोक्यावर बारीक अक्षरात होतं: बारा तास, मंद उजेडावर.

त्यानं कंदील लावला. दारातून येणाऱ्या उन्हात तो लागलाय की नाही तेच कळेना.

"याले असं नाही पाह्यत," म्हणून त्यानं मला काउंटरच्या खाली बोलावलं आणि वरून पोतं ओढलं. दोन प्रौढ गृहस्थ, मधे कंदील. कूलरचा वारा वरच्या वर. एकेक करून चार कंदील पाहिले. तेवढ्यात वरून आवाज आला, "कोणी हाय काय?"

"बसा, येऊन राहिलो!" पोत्यातून उत्तर गेलं.

त्याचा आग्रह चार्जिंगवाल्याचा होता.

"पण लाइन गेल्यावर चार्ज कुठं करायचा?"

"लाइन आल्यावर."

मी तीन मोठ्या सेलवाला पिवळा कंदील घेतला.

सेल पाझरू नयेत म्हणून वेगळे ठेवले आणि वादळाची वाट पाहत बसलो. तीन आठवडे लाइन गेली नाही. कडुलिंब तपाला बसल्यासारखा निश्चल. शेवटी एका रात्री राहवलं नाही, मीच मेन बंद केला. मोबाइलच्या उजेडात कंदील सापडला, सेल सापडले, प्लस-मायनस दुसऱ्या खेपेला जमलं.

घर मऊ पिवळं झालं. बायकोही "बरा दिसतो हो" म्हणाली. एवढ्यात दार वाजलं. शेजारचे काका. त्यांच्यामागे जिन्यातला दिवा लख्ख.

"काऊन बाप्पा, तुमच्या एकट्याचीच लाइन कापली काय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "किती आहे बिल? मी भरतो. पगार झाला की द्या."