पीठ न पडणारी गिरणी

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका दाल मिलमध्ये मी हिशेब लिहितो. तूर किती आली, डाळ किती उतरली, चुनी किती, टरफल किती, बारदाना किती फाटला, एवढ्यापुरताच माझा आणि यंत्रांचा संबंध. पट्टा सुटला तर कुठल्या बाजूला पळायचं हेसुद्धा मला मिस्त्री सांगतो. पण नातेवाइकांत 'मिलमध्ये आहे' एवढंच पोचलेलं आहे. त्यामुळे दळण, कांडण, भरडण या सगळ्या खात्यांचा मी तहहयात मंत्री. कुणाच्या मिक्सरचं पातं अडकलं तरी फोन मलाच येतो आणि मीही "बटण बंद करून बघा" असं ठासून सांगतो.

तेव्हा अमेरिकेतल्या, मिनियापोलिसच्या भाच्याचा फोन आला आणि "मामा, गिरणी घ्यायची आहे, कोणती घेऊ?" असं त्यानं विचारलं, याचं मला नवल वाटलं नाही. पोरगं ज्वारीच्या भाकरीला आसुसलं असणार, असं वाटून मला उलट भरून आलं. मी लगेच सुरू झालो. मोटर एक हॉर्सपॉवरच्या खाली घेऊ नको. जाळ्या किती देतात ते बघ, ज्वारीची वेगळी, बेसनाची वेगळी. दगडी मिळाली तर बघायलाच नको, फक्त टाकी लावणारा माणूस तिकडं आहे का ते आधी विचार.

"मामा, थांबा. पीठ नाही पडलं पाहिजे."

"काय नाही पडलं पाहिजे?"

"पीठ. दाणा नुसता फुटला पाहिजे. आणि टरफल शाबूत राहिलं पाहिजे."

मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं पाहिलं. मग भाच्यानं आवाज बारीक केला. "मामा, घरी बीअर करतो मी. मोड आणून वाळवलेली बार्ली असते, ती भरडायची आहे."

आमचं घर माळकरी. आई एकादशीला चहासुद्धा विचार करून घेते. ती बाजूच्याच पलंगावर वाती वळत बसली होती आणि तिचे कान अजून तरुण आहेत. "काय म्हणायलंय लेकरू?" तिनं विचारलं.

"सातू दळायचेत म्हणतोय," मी म्हणालो. बार्ली म्हणजे सातूच, तेव्हा यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"अगं बाई! सातूचं पीठ करून खायलाय का तिकडं?" आईचा चेहरा असा उजळला की पुढचं काही सांगण्याची सोयच राहिली नाही.

अंगणात जाऊन मी पहिली चौकशी पोलिसांची केली. आपल्याकडं घरात दारू पाडली तर तिला हातभट्टी म्हणतात आणि दारात जीप येते. साधा घोट घ्यायचा तरी कागदोपत्री परवाना लागतो, 1949 च्या दारूबंदी कायद्याची ती कृपा. भाचा म्हणाला, तिकडं 1978 सालीच अध्यक्ष कार्टर यांनी सही करून मोकळीक दिली आहे. घरात एक सज्ञान माणूस असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200. विकायची मात्र नाही. 200 गॅलन म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. आमच्या गच्चीवरची टाकी हजाराची आहे, तेव्हा अंदाज आला.

कायद्याचं मिटलं, पण टरफलाचं मिटेना. मिलमध्ये आमचं सगळं आयुष्य टरफल काढण्यात चाललेलं आहे. तुरीला आधी रोलरवर चरे पाडायचे, मग तेल चोळायचं, ढीग लावून मुरू द्यायचं, उन्हात घालायचं, पाणी मारायचं, पुन्हा मुरवायचं, आणि एवढं करून टरफल अंगाला घट्ट धरून बसलेली तूर निघतेच. मालक त्या एका दाण्याकडं असा बघतो, जसं काही मीच आत बसून टरफल धरून ठेवलंय. आणि हा पोरगा म्हणतो, टरफलच लाखमोलाचं.

त्याचं कारण त्यानं सांगितलं ते मात्र पटण्यासारखं होतं. भरडलेलं धान्य साधारण 66 अंशाच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचं. तेवढ्यात धान्यातल्या पिठुळपणाची साखर होते. मग ते गोड पाणी खालच्या तोटीतून काढायचं. त्या वेळी तळाशी टरफलांचा थर बसतो आणि तोच गाळणीचं काम करतो. पीठ झालं असेल तर खाली चिखल होतो आणि तोटीतून थेंब येत नाही. जाड राहिलं तर दाण्यातली साखर दाण्यातच राहते, पाणी आपलं पाणीच. म्हणजे फार बारीक नको, फार जाड नको, आतला गर फुटावा आणि वरचं सालपट जागच्या जागी राहावं. असल्या मागण्या आमच्याकडं लग्नाच्या स्थळांबाबत ऐकल्या होत्या, गिरणीबाबत पहिल्यांदाच.

मग सुरू झाली निवड. भाच्यानं पाठवलेले फोटो मी रात्री पांघरूण डोक्यावर घेऊन बघू लागलो, तेव्हा बायकोला संशय आला. तिला सगळं सांगावं लागलं. ती म्हणाली, "बाकी राहू द्या, किंमत काय?"

"शंभर ते अडीचशे डॉलर."

तिनं मनातल्या मनात गुणाकार केला. "वीस-बावीस हजार? त्या पैशात इथं पूर्ण दळणारी येते."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. शिवाय आमच्या घरात घरघंटीचा ठराव बरीच वर्षं पडून आहे, तो या निमित्तानं पटलावर आला. कोपऱ्यावरच्या गिरणीत ज्वारीवर ज्वारी टाकायची सोडून बाजरीवर टाकतात, उपासाच्या भगरीत गव्हाचं पीठ येतं, डबा घेऊन जाणाऱ्यानं अर्धा तास भुकटी अंगावर घ्यायची, असं बरंच काही मला ऐकावं लागलं. अमेरिकेच्या दळणाचा भुर्दंड लातुरात मी भरत होतो.

भाच्यापुढं तीन वाटा होत्या. सगळ्यात स्वस्त म्हणजे हातानं फिरवायची, दोन चकत्यांची, मूळ कोलंबियातली, मक्यासाठी केलेली गिरणी. तिचं नाव कोरोना. नाव साथीच्या कितीतरी आधीचं आहे, पण आमची ताई त्या दिवशी फोनवर सामील होती आणि "आई, मी कोरोना घेऊ का?" हे लेकाच्या तोंडून ऐकल्यावर तिनं जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. चकत्या टरफल फाडतात हे कारण पुढं करून ती वाट आम्ही बंद केली. दुसरी, दोन रोलरची. लाटण्याएवढे दोन पोलादी रोलर, त्यांच्यावर खाचा, वरून धान्य सोडायचं, खालून भरड पडते. तिसरी, तीन रोलरची, म्हणजे तेच, पण दाणा दोनदा भरडला जातो आणि पैसेही त्या बेतानं जातात.

दोन रोलरची घे, असा मी निकाल दिला. आमच्याकडं रोलरचं मशीन आहे आणि ते बंद पडलं की सगळे जेवायला जातात, एवढाच त्यामागचा अनुभव.

पण खरी मेख पुढं होती. दोन रोलरमधलं अंतर. ते साधारण एक मिलिमीटर पाहिजे, कुणी थोडं कमी ठेवतो, कुणी थोडं जास्त. अंतर बदलता येणारी गिरणी घ्यायची की कारखान्यानंच कायमचं बसवून दिलेली, यावर भाच्याच्या ओळखीतली माणसं म्हणे हमरीतुमरीवर येतात. पोरगं क्रेडिट कार्ड फटीत सरकवून बघायच्या विचारात होतं. कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं. मी म्हणालो, कार्डाचा हा पहिलाच स्वस्त उपयोग मी ऐकतोय.

शेवटी मिस्त्रीला विचारलं. बीअर हा शब्द टाळून, 'एक पाहुणे आहेत, त्यांना जव भरडायचेत, साल राखून' असं. मिस्त्रीनं तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "साल राखायची? कोन पाहुने? येडे हायत का?" मग गंभीर झाला. "फट मोजायला फिलर गेज घ्या म्हनावं. ग्यारेजवाल्याकडं असतंय, टॅपेट लावायचं. आन् रोलर हळू फिरवा. जोरात फिरवलं की भुगा." बाहेर जाता जाता थांबून म्हणाला, "अन् दळायच्या आधी जरासं पानी मारा. साल नरम पडती, तुटत न्हाई. लई नका मारू, न्हाईतर रोलरला पीठ चिकटतंय."

हे मी भाच्याला जसंच्या तसं कळवलं. पलीकडं थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मामा, याला मॉल्ट कंडिशनिंग म्हणतात. वजनाच्या दोन टक्के पाणी. जर्मनीतल्या कारखान्यांत करतात. तुम्हाला कसं माहीत?"

पाच किलोला शंभर मिली, एवढा हिशेब मी लगेच करून दिला आणि बाकीचं श्रेय गिळलं. मिस्त्रीला त्या महिन्यात चहा माझ्याकडून होता.

गिरणी हातानं फिरवायची की मोटर लावायची, हा प्रश्न लवकर सुटला. त्याच्याकडं भिंतीला भोक पाडायचं ड्रिल होतं, तेच गिरणीच्या दांड्याला जोडायचं ठरलं. मिस्त्रीच्या हुकमाप्रमाणं हळू, मिनिटाला दीडदोनशे फेरे.

एवढं सगळं ठरल्यावर सहज विचारलं, "आत्तापर्यंत कुठं दळून आणत होतास?"

"दुकानात. धान्य त्यांच्याकडून घेतलं की दळून देतात."

"काय घेतात?"

"काही नाही. फुकट."

मी भिंतीला टेकलो. बायकोनं तर कपाळाला हात लावला. फुकट दळून मिळत असताना वीस हजारांची गिरणी! पण त्याचंही म्हणणं ऐकून घ्या. भरडलेलं धान्य लवकर उतरतं, आख्खं महिनोन् महिने टिकतं. 25 किलोचं पोतं एकदम घेतलं तर बरंच स्वस्त पडतं, पण ते दळलेलं ठेवता येत नाही. आणि दुकानातली फट दुकानदाराच्या मर्जीची, आज एक, उद्या दुसरी. "मागच्या वेळी इतकं जाड दळलं की साखर उतरलीच नाही," तो कळवळून म्हणाला. हे ऐकताना बायकोचा चेहरा बदलत गेला. गिरणीवाल्यावर भरवसा नाही म्हणून स्वतःची गिरणी हवी असलेला एक माणूस तिला मिनियापोलिसमध्ये सापडला होता. तिनं फोन माझ्या हातातून घेतला. "घेऊन टाक बाबा. इथं मी सांगून सांगून थकले."

मत फिरलं नाही ते माझंच, आणि त्याचं कारण वेगळं. बोलता बोलता तो सांगून गेला की, उकळलेलं ते गोड पाणी लवकर थंड करायला तांब्याची वेटोळी नळी असते, तिच्यातून नळाचं पाणी सोडतात.

"ते पाणी जातं कुठं?"

"सिंकमध्ये."

19 लिटर बीअर, आणि ती निववायला त्याहून कितीतरी जास्त पाणी मोरीत. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आम्हाला. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी बघायला मी स्टेशनवर गेलो होतो. असल्या माणसाला 'सिंकमध्ये' म्हणून सांगू नये. मी त्याला त्या पाण्याखाली दोन बादल्या लावायला लावल्या. एकात कपडे, एकात झाडं. तो आता बादल्यांचे फोटो पाठवतो, गिरणीचे पाठवत नाही.

गिरणी आली, फिरली, भरड पडली. टरफल शाबूत होतं. मी फोटो मिस्त्रीला दाखवला तर तो म्हणाला, "आपल्याकडं हे केलं असतं तर मालकानं हाकललं असतं."

इकडं आई मात्र थांबायला तयार नव्हती. सातू भिजवून कांडलेस का, मंद आचेवर भाजलेस का, सुंठ-वेलची घातलीस का, असं ती दर रविवारी फोनवर विचारी, आणि भाचा बिचारा "मोड आणून वाळवलेत आजी, भाजलेतसुद्धा" असं प्रामाणिक उत्तर देई. दिवाळीत येशील तेव्हा दोन मुठी पीठ घेऊन ये, अशी तिनं फर्माईश केली.

तो आला. रिकाम्या हातानं आला हे सांगायला नको. त्याच दिवशी दोघं गंजगोलाईच्या बाजारात गेलो. तिथं सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या कुठल्या तोंडाला सातूचं पीठ चांगलं मिळतं ते आईनंच मला लहानपणी दाखवलेलं. अर्धा किलो घेतलं आणि गाडीतच त्याच्या बॅगेतल्या झिप लावायच्या अमेरिकन पिशवीत ओतलं. वर इंग्रजी चिठ्ठी चिकटवली.

आईनं चमचाभर पीठ गूळ-पाण्यात कालवलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

"चांगलं केलंय लेकरानं. पण आपल्या गंजगोलाईची चव नाही बघ. तिकडचं पाणीच तसलं."