कळव्याला न थांबणारा न्यूट्रॉन

रविवारी सकाळी ताई ऐरोलीहून आली आणि भाच्याला माझ्या दारात सोडून गेली. "याला अणुविखंडन समजाव गं. तू बीएस्सी फिजिक्स ना?" माझी पंचवीस वर्षांपूर्वीची डिग्री म्हणजे ताईला फ्रिजमधली भाजी वाटते, गरम केली की झालं.

मी कणीक मळत होते. म्हटलं, हा गोळा म्हणजे युरेनियम-२३५चं केंद्रक. त्यात शेंगदाणा खुपसला. "हा न्यूट्रॉन." गोळा डुगडुगवला, लांबवला, मधे कंबर बारीक केली आणि तटकन दोन तुकडे! "आता यातून दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, शेजारच्या गोळ्यांत घुसतात, तेही फुटतात..." भाच्याने लगेच मूठभर शेंगदाणे उडवले. एक आमटीत गेला.

"दोन्ही तुकडे आणि सुटलेले न्यूट्रॉन मिळून वजन मूळ गोळ्यापेक्षा हजारात जेमतेम एक भाग कमी भरतं. कुठे गेलं?"

"ओट्याला चिकटलं."

"ऊर्जा झाली त्याची!"

इतिहासही सांगितला. १९३८च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये हान आणि स्ट्रासमन यांना युरेनियमवर न्यूट्रॉन मारल्यावर बेरियम, म्हणजे युरेनियमच्या जेमतेम निम्म्याहून थोड्या जास्त वजनाचं मूलद्रव्य सापडलं, पण कसं ते उमगेना. कोडं सोडवलं लीझ माइटनर आणि ऑटो फ्रिश यांनी, स्वीडनच्या बर्फात ओंडक्यावर बसून, चिटोऱ्यांवर आकडेमोड करत. आणि ही दोघं कोण? मावशी-भाचा! मला अगदी भरून आलं. भाचा म्हणाला, "मावशी, वायफायचा पासवर्ड काय?"

मग घरची गोष्ट काढली. ट्रॉम्बेची 'अप्सरा' अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली, चक्क पाण्याच्या टाकीत.

"पेन्सिलवाली?" मी दुर्लक्ष केलं. "पण पाणी कशाला?"

"न्यूट्रॉन हळू व्हावेत म्हणून."

"हळू? जोरात येणारा जास्त फोडेल ना!"

प्रश्न चोख होता. उत्तर माझ्या डिग्रीत सापडेना. तेवढ्यात खिडकीखालून लोकल धडधडत गेली, भांडी थरथरली.

"ही फास्ट. कळव्याला थांबते?"

"छे."

"आणि स्लो?"

"थांबते."

"तसंच. जोरातला न्यूट्रॉन बहुतेक वेळा सुसाट पुढे निघून जातो. रमतगमत येणारा केंद्रकात अडकतो, आणि मग ते फुटतं."

भाच्याने पहिल्यांदाच वहीत काहीतरी लिहिलं.

दुपारी जेवताना नवऱ्याच्या दाताखाली पोळीतला शेंगदाणा कटकन आला. मी आमटी वाढण्यात गुंतले.

"स्लो असणार काका," भाचा म्हणाला, "म्हणून अडकला."