रूळ पडले म्हणून पेटंट वाढली?

‘एकोणिसाव्या शतकात जिथे रेल्वे पोचली तिथे शोध लागले, पेटंटचा पूर रेल्वेनेच आणला,’ असा दावा हल्ली सगळीकडे फिरतोय. त्याला दिले जाणारे तीनही आधार कच्चे आहेत.

आधार पहिला: रूळ आणि पेटंट बरोबरीने वाढले. ब्रिटनकडे बघा. 1840च्या दशकात तिथे रेल्वेचं अक्षरशः वेड लागलं होतं, तरी 1851 पर्यंत पेटंट वर्षाला पाचशेच्या आतबाहेरच राहिली. 1852 मध्ये कायदा बदलला. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड मिळून तीनशे पौंडांच्या वर जाणारा खर्च सुरुवातीपुरता 25 पौंडांवर आला आणि 1853 मध्ये तीन हजारांवर अर्ज आले. एवढ्यात रूळ काही सहापट झाले नव्हते. शिवाय व्यापार आणि पैसा आधीच असेल तिकडेच रूळ आधी वळत. अमेरिकेत तर जलमार्गांच्या काठी पेटंट रेल्वेच्या आधीपासून वाढत होती.

आधार दुसरा: रेल्वे कंपन्यांनी शोधकांना डोक्यावर घेतलं. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. एलिजा मॅकॉय स्कॉटलंडमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून आला होता, पण तो कृष्णवर्णीय. अमेरिकेतल्या मिशिगन सेंट्रल रेल्वेने त्याला कोळसा टाकायला आणि तेल घालायला ठेवलं. तेल घालायला इंजिन सारखं थांबवावं लागे. चालत्या इंजिनात वाफेच्या दाबावर आपोआप तेल सोडणारं यंत्र त्याने बनवलं, 1872 मध्ये पेटंट घेतलं. अडचण रेल्वेने दाखवली, हे खरंच. संधी मात्र नाकारली होती. डबे जोडताना दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून खिळा घालणाऱ्या कामगारांची बोटं तुटत, जीव जात. त्यावर एलाय जॅनीने 1873 मध्ये स्वयंचलित जोडणीचं पेटंट घेतलं. तशी जोडणी सक्तीची व्हायला 1893 चा कायदा यावा लागला! उलट, पेटंटधारकांचे दावे परतवायला कंपन्यांनी एकत्र येऊन संघटना काढल्या. ब्रेकच्या एका पेटंटचा खटला तर 1878 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन त्यांनी जिंकला.

आधार तिसरा: पेटंट जास्त म्हणजे शोध जास्त. इंजिनांतल्या कितीतरी सुधारणा रेल्वेच्या वर्कशॉपमध्येच झाल्या. मुख्य मेकॅनिक आपल्या संघटनेच्या बैठकांत त्या एकमेकांना मोकळेपणाने सांगत. त्यांतल्या कित्येकांसाठी कुणी पेटंटचा अर्जच केला नाही.