दाजी, टीम बघा जरा

माणसाने कॅनडात राहावं, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसावा, हीटिंगची बिलं भरावी, पण मेव्हण्याच्या ऑल टाइम आइस हॉकी टीमवर मत देण्याच्या भानगडीत पडू नये.

प्रकरण काय असतं ते आधी सांगतो. आठ मित्र मिळून लीग काढतात, एनएचएल, म्हणजे इथली आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग, सुरू झाली १९१७ ला तेव्हापासून आजपर्यंतचे वाट्टेल ते खेळाडू, हयात असोत नसोत, आळीपाळीने उचलतात, प्रत्येकाला वीस, म्हणजे अठरा स्केटर आणि दोन गोलकीपर, आणि एवढं सगळं करून या टीम्स कुठेच खेळत नाहीत. खेळणार कशा? मग कोणाची भारी हे कोणीतरी तिऱ्हाइताने ठरवायचं. तो तिऱ्हाईत मी. का, तर "दाजी, तुम्हाला हॉकीतलं फार कळत नाही ना, म्हणजे तुम्ही न्यूट्रल." हा मान होता की अपमान ते ठरवेपर्यंत एक्सेल शीट आली, रंगीत, आणि पाठोपाठ व्हॉइस नोट, की खरं खरं सांगा हं, मला वाईट नाही वाटणार. हे वाक्य म्हणणाऱ्या माणसाला जगात कधीही खरं सांगू नये.

तर शीटमध्ये पहिलं नाव ग्रेट्स्की. बरोबरच आहे, १४८७ मॅच आणि २८५७ पॉइंट, त्यातले नुसते असिस्टच, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पासच, १९६३, म्हणजे या बाबाने जन्मात एक गोल मारला नसता तरी पॉइंटमध्ये हाच पहिला आला असता, कारण दोन नंबरच्या यागरचे गोल आणि असिस्ट मिळून होतात १९२१. पुढे लेम्यू. ३१ डिसेंबर १९८८ ला लोक पार्टीला निघालेले असताना त्याने एकाच मॅचमध्ये पाच गोल पाच वेगवेगळ्या प्रकारे मारले, सरळ खेळात एक, पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा माणूस कमी असताना एक, आपला माणूस कमी असताना एक, पेनल्टी शॉटवर एक आणि शेवटी समोरचा गोलकीपर बाहेर गेल्यावर रिकाम्या जाळीत एक. त्याच्यापुढे मेसिये. पुढे आयझरमन. पुढे सॅकिक. पुढे सिटलर, कारण टोरंटोचा एक तरी पाहिजेच.

म्हणलं अरे हे सगळे सेंटर आहेत, मधे खेळणारे, कडेला कोण खेळणार?

"दाजी, टॅलेंट असेल तर माणूस कुठेपण खेळतो."

हे वाक्य मी पुण्यात कट्ट्यावर ऑल टाइम इंडिया इलेव्हनच्या भांडणात ऐकलेलं आहे, तिथे पण पाच ओपनर घेऊन एकाला सातव्या नंबरवर ढकलायचे. अरे बाबा, ग्रेट्स्की गोलच्या जाळीमागे उभा राहून पास काढायचा, त्या जागेला लोक त्याचं ऑफिस म्हणायचे, पण ऑफिसातून निघालेली फाइल क्लिअर करायला समोर यारी कुरीसारखा कोणीतरी लागतो ना, इथे समोर अजून दोन साहेबच उभे. हे बोललो तर पलीकडून "हं" आलं. त्या "हं"वरूनच मला सावध व्हायला हवं होतं.

पण खरी गोची पुढे आहे. खेळाडू कुठल्या वयातला धरायचा हे या आठ शहाण्यांपैकी एकानेही ठरवलेलं नाही. दुसऱ्या एका टीमने गॉर्डी हाउ घेतलाय. हा माणूस १९७९-८० च्या सीझनमध्ये बावन्न वर्षांचा असताना हार्टफर्डकडून स्वतःच्या दोन मुलांबरोबर एका टीममध्ये खेळला. आता कुठला हाउ मोजायचा, तिशीतला की बावन्नचा? बॉबी ऑरचं बरोबर उलटं. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून सगळ्या मिळून मॅच फक्त ६५७. पण डिफेन्समन असून दोनदा अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट, आणि बेस्ट डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी सलग आठ वेळा. माझं म्हणाल तर मी ग्रेट्स्कीच्या आधी ऑरच उचलला असता, गुडघ्यांसकट. हे मी मेव्हण्याला बोललो, त्याच्याकडे ऑर नव्हता, आणि दोन दिवस व्हॉट्सॅपला निळी टिक येऊन उत्तर नाही.

ऑरच्या जागी साहेबांनी घेतला होता टिम हॉर्टन. हो, तोच, ज्याच्या नावाच्या कॉफीच्या दुकानात आपण रोज लाइन लावतो. गडी खरंच तगडा डिफेन्समन होता, टोरंटोला चार स्टॅनली कप, म्हणजे लीग जिंकल्याचे कप, मिळाले त्यात होता, त्यातला शेवटचा १९६७ चा, आणि टोरंटोला त्यानंतर आजतागायत कप मिळालेला नाही. हे शेवटचं वाक्य घरात मोठ्याने बोलायचं नाही असा नियम आहे. दुकान त्याने १९६४ ला हॅमिल्टनमध्ये काढलं. बायको किचनमधून ओरडली, "हॉर्टनला घेतलंय तर दोन डबल डबल कॉफी पण सांग."

मग गोलकीपर. ग्लेन हॉल. १९५५ ते १९६२ सलग ५०२ मॅच एकही न चुकवता, आणि तोंडावर मास्क नाही, आणि मॅचच्या आधी टेन्शनने हमखास उलटी. म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये बाकी लोक पॅड बांधतायत आणि हा कोपऱ्यात बादलीवर. मला हा माणूस फार आवडला. पण आजकालचे शॉट तोंडावर यायला लागल्यावर काय? तर "त्याला मास्क देऊ ना दाजी." बरं, द्या. पण मास्क घालून मॅचमध्ये उतरायचा पायंडा पाडला तो मॉन्ट्रियलचा गोलकीपर प्लांटने, १ नोव्हेंबर १९५९ ला, न्यूयॉर्कमध्ये शॉटने तोंड फुटलं, टाके घालून आला आणि कोचला म्हणाला मास्कशिवाय उतरत नाही, आणि टीममध्ये दुसरा गोलकीपरच नव्हता त्यामुळे कोच काय करतो. मग आयता मास्क हॉलला आणि प्लांट दुसऱ्याच्या टीममध्ये, हा कुठला न्याय. आणि हॉल असताना बॅकअप गोलकीपर ठेवून काय उपयोग, तो बिचारा सात वर्षं बाकावर बसून राहणार.

शेवटी मी नंबर लावले आणि मेव्हण्याला दिला पाचवा. सहावाच देणार होतो, पण दिवाळीला त्यांच्याकडेच जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी नाशिकहून सासूबाईंचा फोन. "जावईबापू, त्याला पाचवा दिलात म्हणे? एवढा अभ्यास केला हो त्याने." मी सेंटर, विंग, कडा, मधला असं सगळं समजावलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही सगळी माणसं आहेत ना हयात?"

म्हणलं काही आहेत, बरेच नाहीत.

"मग असलेल्यांना आधी खेळवायला सांगा त्याला. आणि तुमचा तो गुडघेवाला, तो आहे का?"

म्हणलं आहे.

"त्याला घ्या म्हणावं. गुडघ्याचं आता ऑपरेशन होतं, आमच्या वन्संनी दोन्ही बदलले, परवा त्र्यंबकला जाऊन आल्या."