मेण-मधाच्या क्रीमविषयी फिरणाऱ्या संदेशातले खरे-खोटे

मधपाळांनी हाताने बनवलेल्या मेण-मधाच्या क्रीमविषयी एक संदेश बराच काळ हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: ही क्रीम पूर्णपणे रसायनमुक्त असते, मध कधीच खराब होत नाही, त्यामुळे तिला प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, नैसर्गिक असल्याने ती तान्ह्या बाळापासून सर्वांना चालते, ती जखमेवरही लावता येते, आणि ती विकत घेणाऱ्याच्या हातून मधमाश्या वाचतात. मी स्वतः मधपेट्या सांभाळतो आणि मेणाची मलमे करून विकतो, तेव्हा या स्तुतीचा फायदा मलाच होतो. तरीही तिच्यातील बरीच विधाने चुकीची आहेत आणि टिकाऊपणाचे विधान तर धोक्याचे आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

मध टिकतो हे खरे, पण तो का टिकतो हे पाहायला हवे. पिकलेल्या मधात पाणी साधारण १७ ते १८ टक्केच असते आणि तेही साखरेने असे बांधून ठेवलेले असते की सूक्ष्मजीवांना वापरण्याजोगे पाणी फारसे उरत नाही. शिवाय मध आम्लधर्मी असतो, त्याचा सामू ४ च्या आसपास असतो. माश्यांनी पोळ्यातील घरांवर मेणाची झाकणे घालण्यापूर्वीच कच्चा मध काढला तर तो आंबतो, हे नवख्या मधपाळालाही लवकरच कळते. असे असताना तोच मध चमचाभर घेऊन गुलाबपाणी किंवा कोरफडीचा गर असलेल्या क्रीममध्ये मिसळला, तर त्याचे पातळ साखरपाणी होते, आणि त्यावर जिवाणू, यीस्ट व बुरशी सुखाने वाढतात. विरळ मधात ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, असा युक्तिवाद मला वारंवार ऐकवला जातो. तो खरा आहे. परंतु हे विकर उष्णतेने निकामी होते, पेरॉक्साइडही लवकर विघटन पावते, आणि ओली बोटे रोज बुडणाऱ्या डबीचे रक्षण काही महिने करण्याची ताकद त्यात नाही. ‘ई’ जीवनसत्त्वाचे चार थेंब घालूनही हे काम भागत नाही, कारण ते तेल खवट होण्याचा वेग कमी करते, जिवाणूंना अडवत नाही.

मग केवळ मेण आणि तेल यांचे मलम प्रिझर्व्हेटिव्हशिवाय कसे टिकते? त्यात पाणी नसते, म्हणून. मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, तेलात एकजीव होते आणि निवल्यावर तेलाला धरून ठेवते. मध मात्र तेलात विरघळत नाही. तो तळाशी बसतो किंवा थेंबांच्या रूपाने वेगळा होतो. त्यामुळे ‘मधाचे मलम’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या डबीत मध किती आणि कोणत्या रूपात आहे, हे विकणाऱ्याला अवश्य विचारावे.

‘रसायनमुक्त’ या शब्दावर फार वेळ घालवत नाही, कारण शुद्ध मेणातच ३०० हून अधिक रासायनिक घटक असतात. मेणात आणखी काय मुरलेले आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मधमाश्यांवर जगणाऱ्या व्हरोआ या बारीक परजीवी किडीविरुद्ध पेटीत वापरली जाणारी फ्लुव्हॅलिनेट आणि कुमाफॉस यांसारखी औषधे स्निग्ध पदार्थांत विरघळणारी असल्यामुळे मेणात साठत जातात, आणि जुने मेण वितळवून नवे मेणपत्रे (माश्यांना पोळे बांधायला आधार म्हणून दिलेले मेणाचे पातळ पत्रे) केले की ती पुढच्या पोळ्यातही पोचतात. उत्तर अमेरिकेतील पोळ्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मेणाच्या जवळजवळ सर्व, म्हणजे ९८ टक्के नमुन्यांत ही दोन औषधे आढळली होती. यावरून मलम विषारी ठरत नाही, कारण हे अंश अत्यल्प असतात. मात्र ‘शंभर टक्के शुद्ध’ हा दावा तपासणीवाचून करता येत नाही, एवढे निश्चित ठरते. पिलांच्या जुन्या काळ्या पोळ्यांऐवजी मधावरील ताज्या झाकणांचे मेण वापरणे, हा मधपाळाच्या हातातला त्यातल्या त्यात चांगला उपाय आहे.

सर्वांना चालते, हेही खरे नाही. प्रोपोलिस (माश्यांनी झाडांच्या राळेपासून बनवलेला चिकट डिंक) हा त्वचेच्या अ‍ॅलर्जीचे ज्ञात कारण असलेला पदार्थ असून युरोपातील पॅच टेस्टच्या, म्हणजे त्वचेवर पट्टी लावून होणाऱ्या चाचणीच्या, मूळ संचात त्याचा समावेश आहे. पिवळ्या, न गाळलेल्या मेणातही त्याचे अंश असू शकतात. तान्ह्या बाळांबाबत तर मध पूर्णपणे टाळावा. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंच्या भीतीने एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये असे सांगितले जाते, आणि बाळाच्या ओठांना किंवा स्तनाग्रांना लावलेला मध शेवटी बाळाच्या पोटातच जातो.

जखमांसाठी रुग्णालयांत मध वापरतात, हा दाखला बरोबर असला तरी तो येथे लागू पडत नाही. तो वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. माझ्या स्वयंपाकघरातील बरणीवर असा कोणताही संस्कार झालेला नसतो.

राहिला प्रश्न मधमाश्या वाचवण्याचा. जगात मधमाश्यांच्या नात्यातल्या सुमारे २०,००० जाती आहेत, त्यांतील बहुतेक एकट्याने राहणाऱ्या आहेत आणि त्यांना पेट्यांच्या व्यवसायाचा काही उपयोग नाही. उलट एका जागी फार पेट्या झाल्या तर फुलोऱ्यासाठी स्पर्धा वाढू शकते. १०० किलो मध काढताना झाकणांचे मेण जेमतेम एक-दोन किलो निघते. मलम विकत घेतल्याने त्या मेणाला चांगला भाव येतो आणि मधपाळाच्या मिळकतीत भर पडते. भेगाळलेल्या टाचांवर आणि ओठांवर मेणाचा पातळ थर पाणी उडून जाण्याचा वेग कमी करतो. ग्राहकाला मी एवढेच सांगतो, आणि डबीवरही एवढेच लिहितो.