पाच तिची, पंचावन्न माझी

५५५ ही टायमर चिप नवशिक्यांची, असं जो तो सांगतो. हान्स कॅमेंझिंड यांनी ती १९७१ मध्ये आखली, सिग्नेटिक्स कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणली, आणि तेव्हापासून ‘पाच मिनिटांत एलईडी लुकलुकवा’ हे आमिष चालू आहे. हिशेब तिच्या नावातच आहे: पाच मिनिटं तिची, पंचावन्न माझी.

माझी पंचावन्न पायांपासून सुरू होतात. नव्या चिपचे आठही पाय बाहेर फाकलेले असतात. तशीच ब्रेडबोर्डात, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या भोकांच्या पाटीत, दाबली की सात आत जातात आणि आठवा पोटाखाली दुमडून झोपतो. वरून सगळं झकास दिसतं. म्हणून आधी एकेका बाजूचे चार पाय टेबलावर टेकवून हलकेच आत वळवायचे, मगच चिप मधल्या खाचेवर बसवायची. खाच सोडून बसवली, तर समोरासमोरचे एक आणि आठ, म्हणजे ग्राउंड (पुरवठ्याचं ऋण टोक) आणि पुरवठा, एकमेकांच्या गळ्यात पडतात.

खाच चिपवरही असते. ती वर धरली की डावीकडचा पहिला पाय एक. तिथून घड्याळाच्या उलट मोजायचं. चिप उलटी बसली की एकच्या जागी पाचवा पाय येतो, आठच्या जागी चौथा. खऱ्या पहिल्या पायाला मिळते ती पाचची जागा. म्हणजे ग्राउंडच नाही. आणि मी नव्या एलईडीला दोष देत बसतो.

जोडणी तशी सरळ आहे. नऊ व्होल्ट आठला आणि चारला, ग्राउंड एकला. आठ ते सात १ किलोओमचा रोध, सात ते सहा ६८ किलोओमचा, दोन-सहा एकमेकांना जोडलेले, तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग. तीनपासून ४७० ओम, मग एलईडी, मग ग्राउंड. वेग काढायला १.४४ भागिले [(पहिला रोध अधिक दुसऱ्याची दुप्पट) गुणिले कपॅसिटर]. सेकंदाला साधारण एक लुकलुक. चार क्रमांकाची रीसेट पिन मोकळी सोडली तरी बहुतेक वेळा चालतं, आणि हाच त्यातला खरा दगा.

आता रोधांवरच्या पट्ट्यांचे रंग. १ किलोओम म्हणजे तपकिरी-काळा-लाल, १० किलोओम म्हणजे तपकिरी-काळा-नारिंगी. पिवळ्या दिव्याखाली लाल, नारिंगी आणि तपकिरी हे तिघे सख्खे भाऊ. डोळ्यांवर भरवसा ठेवू नये, मल्टीमीटर लावावा. फक्त जागेवर बसलेला रोध मोजू नये. आजूबाजूच्या वाटाही मोजमापात घुसतात.

कपॅसिटर तर सरळ कोड्यात बोलतो. अंगावरचं १०४ म्हणजे १० वर चार शून्यं, पिकोफॅरॅडमध्ये, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरॅड. १० मायक्रोफॅरॅडच्या जागी तो बसला की एलईडी सेकंदाला शंभरवर वेळा लुकलुकतो. सर्किट इमानेइतबारे काम करतंय, डोळ्यांना मात्र सलग पेटलेला दिवा दिसतो. तोच १०४ आठ आणि एकच्या मध्ये, चिपला अगदी खेटून लावला तर गुणाचा: जुन्या धाटणीची ५५५ आउटपुट बदलताना क्षणभर पुरवठ्यातून मोठा घोट घेते, तो हा पुरवतो. १० मायक्रोफॅरॅडवाला इलेक्ट्रोलायटिक जातीचा, त्याची पट्टी ऋण बाजूला असते. उलटा लावाल तर तो गळतो, तापतो, कधी फुटतोही.

एवढं करून सगळं मुकंच असेल, तर बोर्डाच्या कडेची लाल-निळी रेघ मध्येच तुटलेली आहे का पाहावं. काही बोर्डांत पुरवठ्याची पट्टी अर्ध्यावर संपते. मी ही तपासणी नेहमी सगळ्यात शेवटी करतो. का, ते विचारू नये.

अखेर लुकलुकतं, आणि हाव सुटते: आणखी सावकाश हवं. ६८० किलोओम आणि १०० मायक्रोफॅरॅड लावले की एलईडी लगेच पेटतो. पेटलेलाच राहतो. कपॅसिटर पहिल्यांदा शून्यापासून भरतो, म्हणून पहिलं पेटणं पुढच्यांपेक्षा जवळजवळ ६० टक्के लांब, इथे सुमारे ७५ सेकंदांचं. कपॅसिटर गळका असेल तर याहून लांब. फारच गळका असेल तर एलईडी विझायला लागणारं पुरवठ्याचं दोन-तृतीयांश व्होल्टेज कधी गाठायचाच नाही. हे सगळं मला तोंडपाठ आहे. तरी सत्तराव्या सेकंदाला हात वायर उपसायला पुढे जातोच.