एका रविवारात व्हा इजिप्तच्या गुप्तविद्येचे अधिकारी

मागच्या रविवारी वहिनीने पैसे भरलेल्या ऑनलाइन शिबिरात मलाही बसवलं गेलं. तेव्हापासून इजिप्तच्या पुरोहितांच्या मंत्रविद्येत अधिकारी कसं व्हायचं, हे मला पक्कं कळलं आहे. तुम्हीही शिकून घ्या.

पहिलं म्हणजे, या मंत्रांची जी जुनी पोथी आहे ती वाचायची नाही. नुसतं ‘पपायरस’ (म्हणजे तिथला लव्हाळ्याचा कागद) म्हणायचं, तेही डोळे मिटून. कोणता, असं कुणी विचारलंच तर ‘हा अनुभूतीचा विषय आहे’ म्हणून त्याला म्यूट करायचं.

मागे पिरॅमिडचं चित्र हवंच. पोथी इजिप्तमधल्या थेब्स शहरातली, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली, पिरॅमिडांनंतर अडीच हजारांहून जास्त वर्षांनी लिहिलेली. असू दे.

दिवा कुठलाही चालेल. पोथीत शेंदूर न लावलेला पांढरा दिवा, स्वच्छ वात आणि त्यात देव पाहायला एक निष्पाप मुलगा सांगितलाय. शिबिरात बॅटरीवरचा चालला.

याओ, साबाओथ, अब्रासाक्स ही देवांची नावं जमतील तशी घोगऱ्या आवाजात म्हणा. पोथी लिहिणाऱ्या मूळ पुरोहिताला असला आळस परवडत नव्हता. डेमोटिक या इजिप्तच्या लिपीत स्वर धड उमटत नाहीत, आणि नाव चुकलं की देव यायचा नाही. म्हणून त्याने ओळीच्या वर, बारीक, ग्रीक अक्षरांत उच्चार लिहून ठेवले. मधे मधे अख्खे ग्रीक मंत्रही घातले.

आता सामग्री. मगरीची विष्ठा, वानराचे अश्रू, सापाचं रक्त अशी नावं घ्या, म्हणजे श्रोते गार. मग त्याच ‘अर्का’ची बाटली विका. नेदरलँड्समधल्या लायडेनला असलेल्या दुसऱ्या एका पपायरसात या नावांची उकलच दिली आहे, ती मात्र सांगू नका. लोकांनी नसत्या उचापती करू नयेत म्हणून मंदिरातल्या लेखनिकांनी ही नावं पाडली, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. मगरीची विष्ठा म्हणजे इथिओपियाची माती. सापाचं रक्त म्हणजे हेमाटाइटचा दगड. हेस्तिया या ग्रीक देवीचं रक्त म्हणजे कॅमोमाइल ही फुलांची वनस्पती. आणि वानराचे अश्रू म्हणजे शेपूचा रस. शेपू! ताटात दिसली की घरातली पोरं उठून जातात ती शेपू! ती हा शिबिरवाला माणूस बाटलीत भरून, वर वानर छापून, ‘मर्यादित साठा’ म्हणून विकतोय, आणि खाली पन्नास जण हात जोडल्याची चित्रं टाकतायत. मी शेपूचं नाव काढलं तर ‘नकारात्मक ऊर्जा’ म्हणे!

पुरे झालं. अहो शिबिरवाले, त्या पहिल्या पोथीचे दोन तुकडे झाले होते. एक १८२८ साली लायडेनला गेला, दुसरा १८५७ साली ब्रिटिश म्युझियमला. ग्रिफिथ आणि थॉम्पसन या अभ्यासकांनी दोन्ही जुळवून वाचले आणि १९०४ ते १९०९ दरम्यान भाषांतरासह छापले. ते आज फुकट वाचता येतं. गुप्तविद्या शिकवायची तर आधी ते उघडा. त्यात गाउटने (सांध्यांच्या विकाराने) दुखणाऱ्या पायावर चांदीच्या किंवा कथलाच्या पट्टीवर नावं लिहून बांधायचा उपाय आहे. तुमच्या बाटलीचा कुठेही उल्लेख नाही. वहिनीचा गुडघा अजून दुखतोय. तिचे पैसे परत करा.